काचपट्टीपलीकडे पाहणारे डॉ. खानोलकर

तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे आज सांगावे लागत नाही. पुडीवरच ते छापलेले असते, चित्रासकट. भिवंडीत निजामपुऱ्यातल्या कुठल्याही पानटपरीवर टांगलेल्या माळांकडे पाहिले तरी ती चित्रे दिसतात. पण ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी कुणी असे ठामपणे म्हटले असते, तर पुरावा मागितला गेला असता आणि देशात तो फारसा कुणाकडे नव्हता. तो पुरावा मुंबईत परळला बसून वर्षानुवर्षे गोळा करणाऱ्यांत अग्रभागी नाव येते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे. भारतातल्या आधुनिक पॅथॉलॉजीचे जनक म्हणून वैद्यकीय जग त्यांना ओळखते.

खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावचे. वसंतरावांचा जन्म 13 एप्रिल 1895 चा. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि 1923 साली लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम. डी. पदवी घेऊन परतले. त्या काळी विलायतेची पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरासमोर सरळ रस्ता होता तो खासगी व्यवसायाचा. पैसा आणि नाव, दोन्ही तिथे होते. खानोलकरांनी निवडले ते शिकवणे आणि संशोधन. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि नंतर परळचे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज इथे त्यांनी पॅथॉलॉजी शिकवली.

रुग्णाला न दिसणारा डॉक्टर

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त-लघवी तपासणारा, अशी अजूनही अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात कॅन्सरच्या निदानात शेवटचा शब्द त्याचाच असतो. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय ही यंत्रे गाठ कुठे आहे, केवढी आहे, कुठवर पसरली आहे हे दाखवतात. ती गाठ कॅन्सरचीच आहे की नाही, हे बहुतेक वेळा बायोप्सीनेच ठरते. गाठीचा छोटा तुकडा काढायचा, तो मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे केसाहूनही कितीतरी पातळ काप घ्यायचे, काचपट्टीवर रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. पेशींची रचना बिघडली आहे का, त्या आपली हद्द ओलांडून शेजारच्या भागात घुसल्या आहेत का, हे तिथे दिसते.

खानोलकर ज्या काळात शिकवत होते, त्या काळी स्कॅन नव्हतेच. एक्स-रे होता, पण मऊ भागांतल्या गाठींबाबत तो फारसे सांगू शकत नसे. त्यामुळे सर्जनचा हात चालायचा तो पॅथॉलॉजिस्टच्या अहवालावर. चुकीचा अहवाल म्हणजे विनाकारण कापलेला जबडा किंवा वेळेत न कापलेली गाठ. हे काम नेटके होण्यासाठी शिकलेली माणसे हवीत, हे ओळखून त्यांनी पॅथॉलॉजिस्टांच्या पिढ्या तयार केल्या. देशातल्या पॅथॉलॉजिस्टांची संघटना उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

टाटा हॉस्पिटलची प्रयोगशाळा

लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटाही वारले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने परळला कॅन्सरसाठी स्वतंत्र रुग्णालय बांधले आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. कॅन्सरवर तेव्हा उपाय मोजकेच होते: शस्त्रक्रिया, रेडियम आणि क्ष-किरण. आजची केमोथेरपी जन्माला यायची होती. रुग्ण बहुधा उशिरा येत. कॅन्सर म्हणजे नशिबाचा भोग किंवा मागल्या जन्मीचे पाप, असे मानणारे घरोघरी होते.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळा आणि संशोधनाचे प्रमुख म्हणून खानोलकर 1941 साली रुजू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या रुग्णांच्या काचपट्ट्या त्यांच्या टेबलावर येऊ लागल्या. इतर कुणी एकेक अहवाल लिहून पुढच्या काचपट्टीकडे वळले असते. खानोलकरांनी त्या सगळ्या एकत्र मांडल्या. काचपट्टी रोग कोणता ते सांगते, तो का झाला ते सांगत नाही. ते कळायचे तर माणसाकडे जावे लागते: तो कुठला, काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हे विचारावे लागते. त्यांच्या प्रयोगशाळेत हे प्रश्नही निदानाइतकेच महत्त्वाचे ठरले.

1944 साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने 1000 रुग्णांचा आढावा एका अमेरिकी संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कॅन्सर तुलनेने कमी. इथे मात्र तो रुग्णालय भरून टाकत होता. विडा-तंबाखू आणि हा रोग यांच्या नात्याकडे त्रावणकोरसारख्या ठिकाणच्या डॉक्टरांनी आधीही बोट दाखवले होते. खानोलकरांनी त्याला मोठ्या संख्येचा आणि काटेकोर तपासणीचा आधार दिला.

धोतर, चुट्टा आणि खैनी

पुढच्याच वर्षी, 1945 मध्ये, बी. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. माणसाच्या रोजच्या सवयींतून होणारे कॅन्सरचे भारतातले तीन नवे प्रकार त्यात मांडले होते.

पहिला धोतराचा. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट धोतर नेसणाऱ्यांत, त्या पट्ट्यातली त्वचा घाम आणि घर्षणाने आधी रंग बदलते, जाड होते, मग क्वचित कुणाला तिथे न भरणारी जखम होते आणि ती कॅन्सरची निघते. हा प्रकार दुर्मिळ आहे, पण अगदी संपलेला नाही. साडी नेसणाऱ्या स्त्रियांत परकराच्या नाडीच्या जागी असाच कॅन्सर झाल्याची उदाहरणे मुंबईच्या डॉक्टरांनी पुढे नोंदवली आहेत.

दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्यावर तंबाखूच्या पानाची जाड विडी, म्हणजे चुट्टा, पेटते टोक तोंडात धरून ओढतात. गोव्यात काही ठिकाणी धुमटी अशीच ओढली जाई. धूर आणि आच थेट टाळूला लागते आणि कॅन्सरही टाळूलाच होतो. एरवी टाळूचा कॅन्सर तसा कमी आढळतो.

तिसरा खैनीचा. तंबाखू आणि चुना तळहातावर मळून खालच्या ओठाआड ठेवायचा. जिथे चिमूट ठेवली, नेमकी तीच जागा सडते.

या तिन्हींत एक सूत्र आहे. लंडनच्या धुराड्या साफ करणाऱ्या पोरांना काजळीमुळे होणारा कॅन्सर पर्सिव्हल पॉट या सर्जनने 1775 साली दाखवला होता. काश्मिरात थंडीसाठी पोटाशी कांगडी धरणाऱ्यांच्या पोटाच्या त्वचेचा कॅन्सर मिशनरी डॉक्टरांनी नोंदवला होता. खानोलकरांनी ही साखळी आपल्या घरापर्यंत आणली. सवय बदलली की कॅन्सरची जागा बदलते. मग सवय सुटली तर कॅन्सरही टळू शकतो, असा त्याचा सरळ अर्थ होता.

जात नव्हे, सवय

पण हे रक्तातूनच येत असेल तर? अमुक जातीत हा कॅन्सर जास्त, तमुक समाजात कमी, असे दिसत होतेच. खानोलकरांनी हा प्रश्नही टाळला नाही. लालचंद संघवी या तरुण संशोधकाबरोबर त्यांनी मुंबईतल्या आपसातच लग्ने करणाऱ्या सहा समाजगटांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासले. 1950 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातल्या मानवी आनुवंशिकतेच्या अभ्यासातले हे सुरुवातीच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक.

1955 साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कॅन्सर असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या सवयींची तुलना मांडली. तंबाखू चघळणाऱ्यांत मुख्यतः तोंडाचा, तर विडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मागच्या भागाचा आणि घशाचा कॅन्सर दिसत होता. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचे नाते दाखवणारा डॉल आणि हिल यांचा गाजलेला ब्रिटिश अभ्यास 1950 चा. म्हणजे परळची प्रयोगशाळा जगाच्या मागे नव्हती. आपल्या लोकांच्या आपल्या प्रश्नावर ती जगाच्या बरोबरीने चालत होती.

संस्था आणि माणसे

1952 साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. खानोलकर त्याचे संस्थापक संचालक. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएच. डी. मिळवली होती. अमेरिकेत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि या केंद्रात त्यांनी देशातल्या पहिल्या ऊती-संवर्धन प्रयोगशाळांपैकी एक उभी केली. खारघरचे आजचे ॲक्ट्रेक हे या केंद्राचेच पुढचे रूप.

कॅन्सरखेरीज खानोलकरांना कुष्ठरोगाने झपाटले होते. त्वचेवर चट्टा दिसण्याआधी हा जंतू नसांमध्ये काय करतो, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शोधले. 1958 साली त्यांच्या केंद्रात कुष्ठरुग्णाच्या शरीरातून एक जंतू वेगळा काढून वाढवण्यात आला. केंद्राच्याच नावावरून त्याला आयसीआरसी जंतू म्हणतात आणि पुढे त्यापासून कुष्ठरोगाची लस बनवण्याचा प्रयत्न झाला. त्याच वर्षी त्यांचे 'अ लुक ॲट कॅन्सर' हे पुस्तकही आले.

अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण मिळाले, राष्ट्रीय प्राध्यापकपद मिळाले. 29 ऑक्टोबर 1978 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची व्याख्याने आजही वैद्यकीय परिषदांत होतात.

त्यांचे काम अजून संपलेले नाही

1945 च्या त्या निबंधातली खैनी आज भिवंडीत घराघरांत आहे. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेला यंत्रमाग कामगार बारा-बारा तासांची पाळी करतो. खटखटाटात, कापसाच्या तुसात, रात्री जाग यावी म्हणून ओठाआड चिमूट जाते. इथल्या स्त्रिया मिश्रीने दात घासतात. पोरे सुगंधी सुपारीपासून सुरुवात करतात. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या एकत्र करायला कुणाची बंदी नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातली 24.4 टक्के प्रौढ माणसे धूरविरहित तंबाखू वापरतात. म्हणजे दर चार माणसांमागे जवळपास एक.

खानोलकरांच्या काळी कारण अर्धवट माहीत होते. आता यंत्रणाही कळली आहे. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स पेशींच्या जनुकांना इजा करतात, चुना तोंडाचा पापुद्रा सोलवटतो आणि निकोटिन लवकर भिनवतो. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली दिला. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते.

हे घरी आरशासमोर तपासता येते. आपली तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जातात का पाहावे. गालाच्या आत, ओठाआड, जिभेच्या कडेला, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का. तिखट खाताना जळजळ होते का. मानेत गाठ लागते का, हे पाहावे. यातले काहीही आढळले तर मलम लावत बसू नये, सरकारी दवाखाना गाठावा. तिशीनंतर तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. तंबाखू सोडायची असेल तर 1800-11-2356 हा मोफत क्रमांक आहे. सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो. उशीर झाला की जबडा जातो आणि पुष्कळदा माणूसही.

बायोप्सीचा तुकडा काचपट्टीवर येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो, हे खानोलकरांना रोज दिसत होते. म्हणूनच काचपट्टीवरून नजर उचलून ते माणसाच्या तळहातावरच्या चिमटीपर्यंत गेले. ती चिमूट तोंडात टाकायची की फेकायची, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवायचे आहे.