इंग्रजीचा अभ्यास आणि भीमराव

मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. त्या वेळी हा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा पराभव केला. पूर्व विदर्भाच्या राजकीय इतिहासात ही लढत नोंदली गेली. मात्र कोलंबिया आणि लंडन येथील विद्यापीठांत इंग्रजीतून प्रबंध लिहिणाऱ्या या उमेदवाराने ही परकी भाषा आत्मसात कशी केली, याची चर्चा त्या मानाने कमी होते. नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्या भंडारा जिल्ह्यातील असंख्य विद्यार्थ्यांना आजही इंग्रजीचीच धास्ती वाटते. त्या दृष्टीने ही कहाणी पाहण्याजोगी आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे इंग्रजीचे पहिले शिक्षक म्हणजे त्यांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ. रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची तीनही पुस्तके सोडवून घेतली. मराठी वाक्य घ्यायचे, त्याचे इंग्रजी करायचे, चुकले की पुन्हा करायचे, अशी ती पद्धत. आजच्या भाषाशिक्षणशास्त्रात ती कालबाह्य मानली जाते, आणि संभाषणापुरते ते खरेही आहे. परंतु नेमका शब्द शोधण्याची सवय तिने लावली, हे नाकारता येणार नाही.

मुंबईत परळच्या चाळीतील एकाच खोलीत सारे कुटुंब राहत होते. घरातील सारे झोपले की अभ्यास सुरू व्हायचा, म्हणून वडील मुलाला पहाटे दोनच्या सुमारास उठवीत. पुस्तकांसाठी पैसा नसे, तेव्हा रामजी लेकींचे दागिने मागून आणत आणि ते गहाण ठेवून पुस्तके घेत. शाळेत भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. देशातील ज्ञानभाषेचे दार असे बंद असताना सातासमुद्रापलीकडील भाषेचे दार मात्र उघडे होते. त्यांच्या इंग्रजीप्रेमाचा विचार करताना हा संदर्भ विसरून चालणार नाही. (संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने अभ्यासली.)

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना पुस्तके पुरवली आणि सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण झाले. तेथील प्राध्यापक म्युलर यांनीही त्यांना पुस्तके दिली. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांबरोबर त्यांनी प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनही घेतले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरील निबंध वाचला, तेव्हा त्यांचे वय अवघे २५ होते.

लंडनचा अनुभव वेगळा होता. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात ब्रिटिश चलनधोरणावर केलेली टीका परीक्षकांना जाचली आणि प्रबंध नव्याने लिहिण्यास सांगण्यात आले. निष्कर्ष तेच ठेवून त्यांनी मांडणी बदलली. इंग्रजी उत्तम येणे आणि इंग्रजांना न दुखावता इंग्रजी लिहिणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा पडताळा येथे आला. हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

समाजाशी बोलताना त्यांनी मराठीच निवडली. १९२० चे ‘मूकनायक’ आणि १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे मराठीत निघाली. सरकारपुढील निवेदने आणि ग्रंथ मात्र बहुतांशी इंग्रजीत. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले गेले. १९५० मध्ये औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय निघाले. भाषावार राज्यांवरील १९५५ च्या पुस्तकात राज्यांची अधिकृत भाषा हिंदी असावी आणि ती सिद्ध होईपर्यंत इंग्रजी चालू राहावी, असे त्यांनी मांडले.

ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धर्मांतरानंतरचे प्रदीर्घ भाषण त्यांनी मराठीत केले. त्याच काळात बुद्ध आणि त्याच्या धम्मावरील इंग्रजी ग्रंथाचे काम सुरू होते. ६ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला.