विश्लेषण : दृष्टी गेली, आश्रयदाते गेले, तरी सूर उरले! कोण होता आयर्लंडचा हार्पवादक टर्लो ओ’कॅरोलन?

युरो येण्यापूर्वी आयर्लंडचे स्वतःचे पौंड होते. १९८२ मध्ये तेथे ५० पौंडांची नवी नोट निघाली. सर्वांत मोठ्या रकमेच्या नोटांपैकी असलेल्या या नोटेवर राजा किंवा सेनापती नव्हता. होता एक अंध हार्पवादक, टर्लो ओ’कॅरोलन. तेव्हा त्याच्या मृत्यूला २४४ वर्षे झाली होती. त्याच्या दोनशेहून अधिक चाली आज गिटार, बासरी, व्हायोलिनवर जगभर वाजवल्या जातात. मात्र ज्या वाद्यासाठी त्या रचल्या गेल्या, त्याच्या वादनाची मूळ परंपरा खंडित झाली. सूर उरले आणि हात हरवले, असे का झाले?

देवीच्या रोगाने आयुष्य कसे बदलले?

कॅरोलनचा जन्म १६७० चा, आयर्लंडच्या मीथ परगण्यातील नॉबर गावाजवळचा. तो साधारण १४ वर्षांचा असताना कुटुंब पश्चिमेकडे रॉसकॉमन परगण्यात आले. तेथे मॅकडरमॉट रो या जुन्या गेलिक घराण्याकडे वडिलांना काम मिळाले. घराची मालकीण मेरी मॅकडरमॉट रो हिने या हुशार मुलाच्या शिक्षणाची सोय केली. १८ व्या वर्षी त्याला देवी आल्या. जीव वाचला, पण दोन्ही डोळे गेले.

त्या काळातील आयर्लंडमध्ये अंध मुलाला हार्प शिकवणे ही पोट भरण्याची रूढ वाट होती. मेरीने त्याला हार्पवादकाकडे शिकायला ठेवले आणि तीन वर्षांचा खर्च उचलला. शिक्षण संपल्यावर तिने त्याला एक घोडा, वाट दाखवणारा सोबती आणि थोडे पैसे दिले. २१ वर्षांचा कॅरोलन फिरतीवर निघाला आणि पुढची सुमारे ४५ वर्षे फिरतच राहिला.

तो निघाला तेव्हा काळ कसा होता?

ते वर्ष होते १६९१. त्याच वर्षी ऑगरिमच्या लढाईत आयरिश कॅथलिकांचा निर्णायक पराभव झाला आणि लिमरिकच्या तहाने युद्ध संपले. जुन्या गेलिक सरदारांच्या जमिनी आधीच मोठ्या प्रमाणात गेल्या होत्या. १६९५ पासून कॅथलिकांवर नवे निर्बंध लादले गेले. पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगण्यालाही त्यांना बंदी झाली.

या पडझडीचा थेट संबंध संगीताशी होता. गेलिक दरबारात कवी, काव्य म्हणून दाखवणारा आणि साथीला हार्पवादक अशी कामाची विभागणी असे. कवीचा मान सर्वांत मोठा, वादकाचा त्याखालोखाल. सरदारच उरले नाहीत, तेव्हा ही व्यवस्था कोसळली. कॅरोलनने तिन्ही कामे एकट्याने केली. चाल त्याची, शब्द त्याचे, गाणारा तोच आणि वाजवणाराही तोच.

उशिरा शिकलेला वादक संगीतकार कसा झाला?

हार्पवादक लहानपणीच शिकायला बसत. कॅरोलनने सुरुवात केली ती १८ व्या वर्षानंतर. त्यामुळे वादक म्हणून तो कधीच पहिल्या रांगेत गेला नाही. लेट्रिम परगण्यातील जॉर्ज रेनॉल्ड्स हे त्याच्या पहिल्या यजमानांपैकी एक. बोटांपेक्षा डोक्याचा उपयोग अधिक होईल, हे त्यांनी ओळखले आणि स्वतःची रचना करून पाहण्याचे सुचवले. विषयही दिला : परिसरातील दोन टेकड्या आणि तेथे राहणाऱ्या यक्षगणांच्या लढाईची दंतकथा. त्यातून ‘शी व्हेग, शी व्होर’ हे गाणे जन्मले. आज कॅरोलनची सर्वाधिक वाजवली जाणारी चाल बहुधा हीच.

त्याची पद्धतही वेगळी होती. इतर जण आधी शब्द रचत, मग चाल बसवत. कॅरोलन घोड्यावर बसून वाटेत चाल बांधत असे आणि शब्द नंतर रचत असे. चाल बांधताना तो कोटाच्या बटणांवर बोटे फिरवून सुरांचा हिशेब ठेवी, अशी एक आख्यायिकाही आहे. त्याची जवळपास सर्व गाणी आयरिश गेलिक भाषेत आहेत.

त्याचे पोट कशावर चालत असे?

गावोगावच्या मोठ्या घरांत मुक्काम करायचा, यजमानाच्या, त्याच्या पत्नीच्या किंवा मुलीच्या नावाने गाणे रचायचे आणि बिदागी घेऊन पुढे निघायचे, असा त्याचा क्रम होता. अशा रचनांना ‘प्लँक्स्टी’ म्हणतात. म्हणूनच त्याच्या बहुतेक चालींना माणसांची नावे आहेत. तो येईपर्यंत लग्नाचे विधी थांबवले जात, असेही सांगतात.

या यादीत जुनी गेलिक कॅथलिक घराणी आहेत, तसेच त्यांच्या जमिनींवर आलेले नवे प्रोटेस्टंट जमीनदारही आहेत. हरलेले आणि जिंकलेले, दोघांच्याही दिवाणखान्यात तो वाजवत असे. याला तडजोड म्हणता येईल, पण आश्रय देणारेच बदलले असताना दुसरा मार्गही नव्हता. डब्लिनमध्ये त्याचे नाव ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा लेखक जोनाथन स्विफ्टपर्यंत पोहोचले होते. ज्या गेलिक गीताचा स्विफ्टने इंग्रजीत अनुवाद केला, त्याची चाल कॅरोलनची मानली जाते.

मेरी मग्वायर हिच्याशी विवाह झाल्यावर लेट्रिममधील मोहिल येथे त्याने घर केले. सहा मुली आणि एक मुलगा असा संसार होता, तरी फिरती थांबली नाही. पत्नी १७३३ मध्ये वारली. तरुणपणीचे त्याचे प्रेम ब्रिजिट क्रूझ हिच्यावर होते. अनेक वर्षांनी यात्रेच्या वाटेवर नावेत चढणाऱ्या एका स्त्रीला त्याने हात दिला आणि केवळ स्पर्शावरून तिला ओळखले, ही कथा त्याला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या चार्ल्स ओ’कॉनर यांच्याकडून पुढे आली.

इटालियन संगीताचा प्रभाव वाद का ठरला?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डब्लिनच्या श्रीमंत वर्तुळात इटालियन संगीताची चलती होती. कोरेली आणि विवाल्डी यांचे संगीत कॅरोलनने ऐकले आणि त्याची वळणे आपल्या चालींत आणली. ‘कॅरोलन्स कॉन्चेर्तो’ हे त्याचे ठळक उदाहरण. इटालियन व्हायोलिनवादक जेमिनियानीने मुद्दाम चुका घातलेली रचना त्याच्याकडे पाठवली आणि कॅरोलनने त्या अचूक दाखवल्या, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. तिची अनेक रूपे प्रचलित असल्याने ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी लागते.

सर्वांना हे मिश्रण रुचले नाही. तरुणपणी कॅरोलनच्या सहवासात आलेला हार्पवादक डेनिस हेम्प्सन त्याच्या रचना वाजवायला उत्सुक नसे. त्याला जुन्या चालीच प्रिय होत्या.

अखेर कशी झाली?

१७३८ मध्ये फर्मानाहमधील टेम्पो येथे असताना कॅरोलनची प्रकृती ढासळली. तेथून तो ऑल्डरफर्डला, मेरी मॅकडरमॉट रो हिच्या घरी परतला. जिने पहिला घोडा दिला, तिच्याच दारात शेवटचा प्रवास संपला. तेथे त्याने हार्प मागवून घेतला आणि संगीताचा निरोप घेणारी अखेरची चाल वाजवली, असे सांगतात. २५ मार्च १७३८ रोजी त्याचा मृत्यू झाला. अंत्यदर्शनाला लोटलेली गर्दी चार दिवस हटली नाही. किलरोनन येथे त्याचे दफन झाले.

मग हरवले काय?

कॅरोलनच्या काही चाली त्याच्या हयातीतच, १७२४ मध्ये, डब्लिनच्या नील पितापुत्रांनी छापल्या. पुढे त्याच्या मुलानेही एक संग्रह काढला. मात्र सुरुवातीच्या या छापील पानांवर मुख्यतः चालीची एकच ओळ आहे. खर्जाच्या तारांवर दुसरा हात काय वाजवत होता, हे कोणी नीट टिपून ठेवले नाही. अनेक गाण्यांचे शब्दही गेले.

जुलै १७९२ मध्ये बेलफास्टमध्ये उरलेल्या हार्पवादकांना जमवण्यात आले. आयर्लंडचे अवघे दहा जण आले. त्यातील सहा अंध होते. चाली टिपून घेण्याचे काम १९ वर्षांच्या एडवर्ड बंटिंगकडे होते. पितळी तारा लांब नखांनी छेडण्याची जुनी रीत त्यांच्यात एकट्या हेम्प्सनकडे उरली होती. त्याचे वय तेव्हा ९७ होते. बंटिंगने चाली वाचवल्या, पण त्या प्रसिद्ध केल्या पियानोसाठी. एकोणिसाव्या शतकात धातूच्या तारांच्या हार्पची गुरू-शिष्य परंपरा संपली आणि त्याची जागा आतड्याच्या तारांच्या नव्या हार्पने घेतली.

आज कॅरोलनचे महत्त्व काय?

१९५८ मध्ये डोनल ओ’सलिव्हन यांनी कॅरोलनचे चरित्र आणि दोनशेहून अधिक चाली दोन खंडांत एकत्र आणल्या. १९६० च्या दशकात संगीतकार शॉन ओ रीआदा यांनी या चाली मैफलीत आणताना हार्पसिकॉर्ड वापरले. धातूच्या तारांच्या जुन्या हार्पच्या नादाशी ते वाद्य त्यांना सर्वाधिक जवळचे वाटत होते. नंतर ‘द चीफटन्स’ या समूहाने त्या जगभर नेल्या. किलरोननजवळच्या कीडू गावात दरवर्षी त्याच्या नावाने हार्प महोत्सव भरतो.

हेम्प्सनला ज्या रचना नव्या वळणाच्या वाटत, त्याच पुढे आयरिश परंपरेची ओळख ठरल्या. नव्या यजमानांना आणि नव्या सुरांना दार उघडणारा कॅरोलन त्यामुळेच छापला गेला आणि टिकला. हेम्प्सनने अखेरपर्यंत जपलेली नखांची रीत मात्र कागदावर उतरणारी नव्हती. ती एका हातातून दुसऱ्या हातातच जाऊ शकत होती आणि पुढचा हात मिळाला नाही.