अंध हार्पवादक टरलॉ ओकॅरोलन

टरलॉ ओकॅरोलन १६७० साली आयर्लंडच्या मीथ परगण्यात जन्मले. १८व्या वर्षी देवीच्या रोगात डोळे गेले. वडील ज्यांच्या पदरी कामाला होते, त्या मॅकडरमट रो बाईंनी त्यांना हार्प हे तंतुवाद्य शिकवण्याची सोय केली आणि तीन वर्षांनी घोडा, वाटाड्या व थोडे पैसे देऊन मार्गी लावले. शिक्षण उशिरा सुरू झाले, त्यामुळे वादन बेताचेच, असे सांगतात; पण चाली रचण्यात त्यांना तोड नव्हती. घरोघर फिरून त्यांनी रचलेल्या, बहुतेक यजमानांच्या नावे बांधलेल्या २०० हून अधिक चाली आज उपलब्ध आहेत.

आम्हांला कौतुक वाटते ते त्या बाईंचेही. १७३८ मध्ये आजारी ओकॅरोलन त्यांच्याच दारी परतले, अखेरचे हार्प वाजवले आणि २५ मार्च रोजी तिथेच देवाघरी गेले. किलरोननच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.