लेव्ह वायगॉट्स्की : मदत मिळाली तर मूल कुठवर जाईल, हे पाहणारा माणूस



टीईटीची तयारी केलेल्या प्रत्येकाला 'समीपस्थ विकासाचे क्षेत्र' हे शब्द पाठ असतात. प्रश्न आला की आपण बरोबर पर्याय निवडतो आणि पुढे जातो. पण ही कल्पना मांडणारा माणूस कोण होता, तो किती कमी जगला, हे डी.एड.च्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं. आज त्यांचीच ओळख करून घेऊया.

जन्म आणि बालपण

लेव्ह वायगॉट्स्की यांचा जन्म 1896 मध्ये तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओर्शा या गावी झाला. हा भाग आज बेलारूस देशात आहे. योगायोग बघा, जाँ पियाजे यांचा जन्मही त्याच वर्षीचा! लेव्ह गोमेल शहरात वाढले. घरात आठ भावंडं. वडील बँकेत नोकरीला. आईने शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं होतं. सुरुवातीचं शिक्षण घरीच एका खाजगी शिक्षकाकडे झालं. हे शिक्षक उत्तर सांगत नसत, प्रश्नाला प्रश्न विचारून मुलालाच विचार करायला लावत.

चिठ्ठीने मिळालेला प्रवेश

कुटुंब ज्यू होतं. त्या काळी विद्यापीठात ज्यू मुलांसाठी अगदी मोजक्या जागा असत आणि 1913 मध्ये त्या गुणांवर न देता चिठ्ठ्या टाकून देण्याचं ठरलं. सुवर्णपदक मिळवलेल्या मुलाचं भवितव्य चिठ्ठीवर आलं! नशिबाने लेव्ह यांची चिठ्ठी निघाली आणि त्यांना मॉस्को विद्यापीठात प्रवेश मिळाला. आईवडिलांच्या इच्छेखातर वैद्यकशास्त्र घेतलं, पण लवकरच ते कायद्याकडे वळले. साहित्य आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास सोबत चालूच होता.

आधी शिक्षक, मग मानसशास्त्रज्ञ

1917 ला ते गोमेलला परतले. तिथल्या शाळांमध्ये आणि अध्यापक विद्यालयात त्यांनी साहित्य व मानसशास्त्र शिकवलं. अध्यापक विद्यालयातच एक छोटी प्रयोगशाळाही उभारली. म्हणजे हा माणूस आधी आपल्यासारखा वर्गात उभा राहिलेला होता. याच काळात घरात क्षयरोग शिरला आणि 1920 च्या सुमारास तो त्यांनाही जडला. तेव्हा क्षयावर खात्रीचं औषध नव्हतं. पुढची सगळी वर्षं त्यांनी मरण समोर ठेवूनच काम केलं.

1924 च्या जानेवारीत पेट्रोग्राडच्या परिषदेत त्यांनी मांडलेला विषय इतका प्रभावी ठरला की त्यांना थेट मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत बोलावणं आलं. तिथे अलेक्झांडर लूरिया आणि अलेक्सेई लिओन्तियेव्ह हे सहकारी भेटले. मेंदूला इजा झाल्यावर विचार व भाषा कशी बदलते, याचा अभ्यास करून लूरिया पुढे जगप्रसिद्ध झाले.

अंध, कर्णबधिर आणि मंदगती मुलांसाठीही वायगॉट्स्की यांनी पुष्कळ काम केलं. त्यांचं म्हणणं असं की मुलाला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही एवढ्याने विकास अडत नाही. लोकांमधला वावर आणि संवाद तुटला की तो खरा अडतो. समावेशित शिक्षणाची चर्चा आज आपण करतो, त्याचं हे मूळच समजा.

मूल स्वतःशी का बोलतं?

लहान मूल खेळताना, चित्र काढताना एकटंच बडबडतं. पियाजे यांना वाटायचं की मूल अजून दुसऱ्याच्या बाजूने विचार करू शकत नाही म्हणून असं बोलतं आणि मोठेपणी हे थांबतं. वायगॉट्स्की यांनी प्रयोग केला. मुलांना चित्र काढायला दिलं, पण हवी ती रंगीत पेन्सिल किंवा कागद मिळणार नाही अशी अडचण मुद्दाम ठेवली. काय झालं? मुलांची स्वतःशी बडबड जवळजवळ दुप्पट झाली! म्हणजे बडबड हे अडचण सोडवायचं साधन होतं. वय वाढलं की हेच बोलणं आत जातं आणि त्याचा विचार बनतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

म्हणून गणित सोडवताना पुटपुटणाऱ्या मुलाला लगेच "गप्प बस" म्हणू नका. ते विचार करत असतं.

दोन मुलं, गुण सारखे

आता मुख्य मुद्दा. चाचणीत दोन मुलांचं मानसिक वय 8 आलं. आपण म्हणू दोघं सारखीच. वायगॉट्स्की इथे थांबले नाहीत. त्यांनी दोघांना पुढची अवघड उदाहरणं दिली आणि थोडी मदत केली : पहिली पायरी दाखवली, एखादा सूचक प्रश्न विचारला. तेव्हा एक मूल 12 वर्षांच्या पातळीची उदाहरणं सोडवू शकलं, दुसरं 9 च्या पातळीला थांबलं. मग दोघं सारखी कशी? एकट्याने जमतं तिथपासून मदतीने जमतं तिथपर्यंतचं अंतर, तेच समीपस्थ विकासाचे क्षेत्र. शिकवायची जागा हीच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. स्कॅफोल्डिंग हा शब्द वायगॉट्स्की यांचा नाही. तो 1976 मध्ये ब्रूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरला. इमारत उभी राहीपर्यंत परांची बांधतात आणि नंतर काढून घेतात, तसा हा आधार. काढून घेणं महत्त्वाचं, हे पालकांनी गृहपाठ घेताना विशेष लक्षात ठेवावं.

शेवट आणि त्यानंतर

1934 च्या वसंतात आजार बळावला. 'विचार आणि भाषा' या ग्रंथाचा शेवटचा भाग त्यांनी अंथरुणावरून सांगून लिहून घेतला. 11 जून 1934 रोजी ते गेले, वय फक्त 37. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर छापून आला. 1936 मध्ये सोव्हिएत सरकारने मुलांच्या चाचण्या घेणाऱ्या शास्त्रावरच बंदी आणली आणि त्यांचं लेखनही बाजूला पडलं. ते पुन्हा प्रसिद्ध व्हायला 1956 उजाडलं. इंग्रजीत हा ग्रंथ 1962 मध्ये आला. आपल्याकडे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 नंतर ज्ञानरचनावादाची जी चर्चा सुरू झाली, तिच्यामागे पियाजेंसोबत वायगॉट्स्कीही आहेत.

वर्गात काय करता येईल?

• दशक सुटा करून वजाबाकी चुकली, तर फुली मारून पुढे जाऊ नका. काड्यांचा एक गठ्ठा सोडून दाखवा आणि तेच उदाहरण पुन्हा द्या. आता जमलं का, ते नोंदवा.
• नोंदवहीत 'येते' आणि 'येत नाही' यांच्यामध्ये 'मदतीने येते' असा तिसरा रकाना ठेवा.
• जोड्या लावताना थोडं पुढचं आणि थोडं मागचं मूल एकत्र बसवा.

गुणपत्रिका मूल काल कुठे होतं ते सांगते. ते उद्या कुठे पोहोचेल, हे शोधायला त्याच्या शेजारी बसावं लागतं. हा तिसरा रकाना या आठवड्यात एकदा भरून बघा.