खाँसाहेबांचा सूर आणि सुईचा भार

किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे गाणे प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आता काळाच्या पडद्याआड गेली आहे. तो आर्त सूर उरला आहे तो लाखेच्या तबकड्यांवरील नागमोडी रेघांत.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तरेतील कैराना गावचा. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक होते. पुढे महाराष्ट्र हीच त्यांची कर्मभूमी ठरली. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले आणि नंतर मिरजेत वास्तव्य केले. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य, तर सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांची अपत्ये. सुराच्या सूक्ष्मतेचा त्यांना ध्यास होता. कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या श्रुतिसंशोधनाला त्यांच्या गळ्याचे साहाय्य लाभले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि पुन्हा १९३०च्या दशकात ‘ओडियन’साठीही निघाल्या. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात मावलेली झिंझोटीतील ठुमरी ऐकूनच बालपणी भीमसेन जोशी गाण्याच्या ओढीने घराबाहेर पडले.

हा ठेवा जपायचा तर सुईचा भार सांभाळावा लागतो. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स तबकडीवर शंभराहून अधिक ग्रॅम वजनाने दाबत असे. लाखेत मिसळलेल्या दगडी भुकटीने पोलादी सुई झिजे, म्हणून दर बाजूला ती बदलावी लागे. काटकसर म्हणून जुनीच सुई वापरली की तिची धार सूरच खरवडून काढी. दातिवरे गावासारख्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत तर सुयांना गंजही लवकर चढतो.

आजच्या टर्नटेबलवर हे काम काही ग्रॅमांत होते. प्रथम मागचे वजन फिरवून टोनआर्म तराजूच्या दांडीप्रमाणे अधांतरी, समतल करावा. तेथे आकडा शून्यावर आणून मग कार्ट्रिजच्या निर्मात्याने सांगितलेला भार द्यावा. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी तो बहुधा तीन ते पाच ग्रॅम असतो. फिरत्या तबकडीवर टोनआर्म आत ओढला जातो. त्यासाठी अँटिस्केटिंगही त्या प्रमाणात ठेवावे. भार कमी तितके तबकडीचे रक्षण अधिक, हा समज मात्र चुकीचा आहे. फार हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तिच्या भिंतींना इजा करते. शिवाय या तबकड्यांची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घरंगळते, तेथील धूळ व ओरखडे वाजवते आणि सूर बाजूलाच राहतो. म्हणून सुमारे तिप्पट जाड टोकाची सुई लावणे आवश्यक.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या प्रवासात खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागले. ते सिंगापेरुमलकोइल स्थानकावर उतरले आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची समाधी आहे. तेथे त्यांच्या स्मरणार्थ गायक आजही हजेरी लावतात. ज्यांच्या घरी माळ्यावर एखादी जुनी तबकडी असेल, त्यांनी ती लावण्यापूर्वी सुई आणि भार तेवढा तपासावा. श्रुतीश्रुतीचा हिशेब ठेवणाऱ्या या गायकाला तीच खरी आदरांजली ठरेल.