सेल्बोर्नच्या वनातील निरीक्षक

इंग्लंडच्या दक्षिण भागात हँपशर परगण्यात सेल्बोर्न नावाचे एक लहानसे खेडे आहे. गावाच्या पाठीशी खडूची टेकडी असून तिच्या उभ्या उतारावर बीच वृक्षांचे दाट वन आहे. या वनात हिंस्र श्वापदे नाहीत, की नवलाईचे धबधबे नाहीत. तरीही निसर्गाच्या अभ्यासकांना ते तीर्थस्थानासारखे वाटते. याचे श्रेय गिल्बर्ट व्हाइट या सत्पुरुषाला आहे.

गिल्बर्टचा जन्म १८ जुलै १७२० रोजी सेल्बोर्न येथे झाला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन तो धर्मोपदेशक झाला. परंतु त्याचे मन आपल्या गावातच रमले. टेकडीचा चढ फार अवघड होता. म्हणून १७५३ साली त्याने व त्याचा भाऊ जॉन याने तेथे नागमोडी पायवाट खोदविली. या वाटेने गिल्बर्ट वारंवार वनात जाई. तेथे तो हळूहळू चाले, मध्येच थांबे आणि कान देऊन ऐके.

त्या काळी वटवट्यांच्या जातीचे काही चिमुकले पक्षी लोक एकच समजत असत, कारण ते दिसावयास अगदी सारखे होते. पण त्यांच्या गाण्यांतील भेद गिल्बर्टच्या ध्यानी आला. केवळ आवाजावर विसंबून न राहता त्याने त्यांची मापे घेतली, पिसे तपासली आणि ते तीन वेगळ्या जातींचे आहेत, हे सिद्ध केले. शेतातील एका इवल्याशा उंदराकडेही त्याचे असेच लक्ष गेले. गव्हाच्या पात्यांनी विणलेले त्याचे घरटे क्रिकेटच्या चेंडूएवढे गोल होते आणि त्यात आठ पिल्ले दाटीने बसली होती! पिढ्यान्‌पिढ्या शेतात राबणाऱ्या लोकांच्या पायांशी हा जीव वावरत होता. पण तो वेगळ्या जातीचा आहे, हे त्या देशात प्रथम ओळखले ते गिल्बर्टने.

गावाजवळच्या दुसऱ्या एका वनातील हकिकत त्याने लिहून ठेवली आहे. तेथे एका ओक वृक्षावर रेव्हन जातीच्या मोठ्या कावळ्यांचे जोडपे वर्षानुवर्षे घरटे करीत असे. गावातील धीट मुलांनाही त्या घरट्यापर्यंत चढता आले नव्हते. पुढे लाकडासाठी तो वृक्ष तोडण्याचे ठरले. फेब्रुवारीचा महिना होता आणि मादी अंड्यांवर बसली होती. बुंध्याला करवत लागली, पाचरी ठोकल्या गेल्या, सारे वन घावांनी दुमदुमले. पण ती माता जागची हलली नाही. अखेर वृक्ष कोसळला. फांद्यांचे फटकारे बसून ती मरून पडली. तिला याहून बरे दैव लाभावयास हवे होते, असे गिल्बर्टला वाटले.

एक कोडे मात्र त्याला जन्मभर सुटले नाही. हिवाळ्यात पाकोळ्या जातात कोठे? त्या बिळांत किंवा पाण्याखाली निजून राहतात, असे पुष्कळांचे मत होते. त्या समुद्र ओलांडून जाताना दिसतात, असे जिब्राल्टर येथे राहणाऱ्या जॉनने कळविले होते. तरी काही पाकोळ्या मागे राहत असाव्यात, अशी शंका गिल्बर्टला येई. त्याने माणसे लावून टेकडीवरची झुडपे व बिळे धुंडाळली; पण एकही पाकोळी सापडली नाही. जे सापडले नाही, ते सापडले असे त्याने कधी लिहिले नाही. ब्रिटनमधील पाकोळ्या हिवाळ्यात आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातात, हे आज आपणांस ठाऊक आहे.

१७६८ पासून अखेरपर्यंत, सुमारे पंचवीस वर्षे, तो आपल्या निरीक्षणांची रोजनिशी लिहीत होता. मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून सिद्ध झालेला त्याचा सेल्बोर्नवरील ग्रंथ १७८९ साली प्रसिद्ध झाला. तो आजही आवडीने वाचला जातो. २६ जून १७९३ रोजी गिल्बर्टने देह ठेवला. त्याच्या समाधीच्या साध्या शिळेवर नावाची दोन आद्याक्षरे व मृत्यूचा दिनांक एवढेच कोरलेले आहे. पण टेकडीवरची ती नागमोडी वाट अजून आहे. तिने सावकाश वर चढणाऱ्या माणसाला वनातील पाखरांची गाणी आजही ऐकू येतात.