उष्णतेला कामाला लावणारा मुंबईकर : अर्देशीर करसेटजी वाडिया

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी आली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली, हा इतिहास ठाणे-कल्याण परिसरातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. परंतु ही गाडी येण्यापूर्वी वीस वर्षे मुंबईत वाफेच्या शक्तीचा ध्यास घेतलेला एक भारतीय अभियंता होऊन गेला, याची आठवण फारच थोड्यांना असते. अर्देशीर करसेटजी वाडिया हे त्यांचे नाव. त्यांच्या जीवनाचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत. उष्णता, ऊर्जा आणि पदार्थ हे विज्ञानाच्या पुस्तकातील रूक्ष वाटणारे शब्द त्यांच्या आयुष्यात कसे जिवंत झाले, हेही त्यानिमित्ताने आपण पाहू.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी हे १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि तेव्हापासून जहाजबांधणी हा वाडिया घराण्याचा पिढीजात व्यवसाय झाला. अर्देशीरही वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२२ साली, गोदीत दाखल झाले. सागवानी लाकूड आणि शीड यांचा तो काळ होता. तथापि १८२९ साली मुंबईच्याच गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली गेली आणि पुढील वर्षी ती सुएझला जाऊन आली. शिडांचे दिवस आता भरत आले आहेत, हे तरुण अर्देशीर यांनी ओळखले.

त्यांनी स्वतः एक अश्वशक्तीचे लहानसे वाफेचे इंजिन तयार केले व त्यावर विहिरीचे पाणी उपसून दाखविले. १८३३ साली त्यांनी ‘इंडस’ हे सुमारे ६० टनांचे जहाज बांधले आणि त्यात दहा अश्वशक्तीचे इंजिन बसविले.

या इंजिनामागील तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातही पाहावयास मिळते. पाणी तापवीत गेले की १०० अंश सेल्सिअसला ते उकळू लागते. त्यानंतर चूल कितीही पेटविली तरी उघड्या भांड्यातील पाण्याचे तापमान वाढत नाही. मग ती उष्णता जाते कोठे? ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी पुरतात; परंतु त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी ५४० कॅलरी लागतात. यास सुप्त उष्णता म्हणतात. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा अधिक भाजतो, तो यामुळेच. शिवाय एक लिटर पाण्याची उघड्यावर सुमारे १,७०० लिटर वाफ होते. तिला कोंडले की ती दट्ट्यास ढकलते, दट्ट्या चाक फिरवितो आणि उष्णतेचे कामात रूपांतर होते.

१८३४ साली अर्देशीर यांनी माझगावचा आपला बंगला व बाग वायुदिव्यांनी उजळविली. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर ती पाहण्यास मुद्दाम आले होते. दगडी कोळसा हवेशिवाय बंद पात्रात तापविला की त्यातून ज्वलनशील वायू निघतो, डांबर वेगळे होते आणि मागे कोक उरतो. घन पदार्थातून वायू निर्माण झाला, तरी पदार्थ नाहीसा झाला नाही की नव्याने जन्मलाही नाही. त्याने फक्त रूप पालटले. या सर्वांचे वजन एकत्र केले तर ते मूळ कोळशाइतकेच भरते. मुंबईच्या रस्त्यांवर असे दिवे लागण्यास पुढे १८६५ साल उजाडावे लागले.

१८३९ साली अर्देशीर इजिप्तमार्गे इंग्लंडला गेले. तेथील कारखाने व आगबोटी त्यांनी बारकाईने पाहिल्या आणि त्या प्रवासाची दैनंदिनीही प्रसिद्ध केली. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. दुसरे भारतीय सदस्य, श्रीनिवास रामानुजन, १९१८ साली निवडले गेले. म्हणजे मध्ये तब्बल ७७ वर्षे गेली!

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, असे अनेक विद्वान मानीत असत. कामाच्या विशिष्ट प्रमाणातून उष्णतेचे ठराविक प्रमाण मिळते, म्हणजेच उष्णता हे ऊर्जेचे एक रूप आहे, हे जेम्स जूल यांनी १८४० च्या दशकात प्रयोगांनी दाखविले. जूल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले ते १८५० साली. तत्त्वाची चर्चा अजून चालू असतानाच अर्देशीर आपल्या हातांनी ते तत्त्व राबवीत होते.

मायदेशी परतल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील वाफयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून ते रुजू झाले. त्यांच्या हाताखाली अनेक युरोपीय कारागीर होते. एका भारतीयाची आज्ञा पाळावी लागणे काहींना रुचले नाही. भारतीय मनुष्य या पदास लायक नाही, असा सूर त्या वेळच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने लावला. अर्देशीर यांनी याचे उत्तर कामातून दिले. १८५७ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. १८४९ साली अमेरिकेस जाऊन त्यांनी तेथील यंत्रे पाहिली. १८५१ साली त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत घडले होते. १८६१ ते १८६३ या काळात सिंधमध्ये नदीवरील आगबोटींची देखरेख करून ते इंग्लंडमध्ये रिचमंड येथे स्थायिक झाले. तेथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

ठाण्याची आगगाडी अर्देशीर यांनी आणली नाही, हे खरे. परंतु भारतीय हात वाफयंत्र घडवू शकतात आणि भारतीय बुद्धी त्या कारखान्याचा कारभार सांभाळू शकते, हे ती गाडी धावण्यापूर्वीच त्यांनी सिद्ध केले होते. पुढे १९२९ साली डोंबिवली आणि कल्याण यांच्या दरम्यान ठाकुर्लीस रेल्वेचे चोळा वीजगृह सुरू झाले. तेथेही कोळसा जाळूनच वाफ केली जाई आणि त्या वाफेपासून निघालेल्या विजेवर गाड्या धावत. ते वीजगृह केव्हाच बंद पडले; परंतु आजही आपल्या देशातील बहुतांश वीज कोळशावर तापविलेल्या पाण्याच्या वाफेनेच निर्माण होते. सकाळच्या गर्दीत लोकल पकडणाऱ्या आपल्या मुलामुलींना पुस्तकातील उष्णतेचा धडा कंटाळवाणा वाटला, तर पालकांनी त्यांना माझगावच्या या यंत्रवेड्या तरुणाची गोष्ट अवश्य सांगावी.